आधी चलन-पुस्तक, मग पायथॉन

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, छोटीशी खेप मशीनिंगसाठी शिनोळीला पाठवायची असेल, तर माल पाच हजारांचा असो की पाच लाखांचा, ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतला माल-वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, काढावंच लागतं. शिनोळी काही लांब नाही. टेम्पोवाला सकाळी माल टाकतो आणि जेवणाच्या वेळेला परत येतो. पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून फक्त काम करून घेऊन परत आणायचा असा, माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर पन्नास हजारांच्या आतल्या मालाला एरवी मिळणारी सूट मिळत नाही. तेवढाच माल पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला धाडला तर ही कटकट नाही, कारण कागदोपत्री ते आपलं राज्य, कर्नाटक. शिवाय गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरून कर आणि व्याज बसतं. उद्यमबागेत आणि मच्छ्यात कितीतरी छोटे कारखानदार हा सगळा हिशेब अजून चलन-पुस्तकाच्या कार्बन कॉपीवर, एक्सेलच्या एखाद्या शीटवर आणि जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात ठेवतात.

मला बोलायचं आहे ते स्वतःची कंपनी काढायची म्हणून घरी बसून कोडिंग शिकणाऱ्या आमच्या भागातल्या मुलामुलींबद्दल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठेही जा, असा एखादा तरी भेटतोच. लॅपटॉप हप्त्यावर घेतलेला, मोबाईलमध्ये कोर्सची यादी, आणि डोक्यात बेंगळुरूच्या कुठल्यातरी ॲपसारखं ॲप. त्यांनी शिकावं की नाही यावर घराघरांत वाद चालतो. वडील म्हणतात सरकारी परीक्षा दे, मामा म्हणतो पुण्याला ये, क्लासवाला म्हणतो सहा महिन्यांत फुल-स्टॅक, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू करणारा, करून देतो. माझं म्हणणं असं: शिकावं, स्वतःच शिकावं, पण सुरुवात अभ्यासक्रमापासून करू नये. एका गिऱ्हाइकाच्या एका वहीपासून करावी, आणि त्या वहीला जेवढं लागेल तेवढंच आधी शिकावं.

शिकायला साधनांची वाण नाही. आयआयटींचे ऑनलाइन धडे देणारं एनपीटेल २००३ पासून आहे, हार्वर्डचा संगणकशास्त्राचा सीएस-फिफ्टी हा अभ्यासक्रम फुकट बघता येतो, फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून कुणाकडून एक रुपया न घेता शिकवतंय. असं असताना गल्लीतल्या क्लासला भरघोस फी मोजायची ती कशासाठी, हे मला कळलेलं नाही. बहुधा प्रमाणपत्रासाठी, आणि संध्याकाळी घराबाहेर पडायला कारण हवं म्हणून. खरी अडचण मात्र हे फुकटचे अभ्यासक्रमही सोडवत नाहीत. ते सगळ्या जगासाठी केलेले आहेत, म्हणून त्यांतली उदाहरणंही सगळ्या जगाची: कामांची यादी, हवामानाचं ॲप, सिनेमे दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाची नक्कल. नोकरीच्या मुलाखतीला ती चालतात. ज्याला धंदा काढायचा आहे तो मात्र त्यांत वर्ष घालवतो, आणि वर्ष संपलं तरी त्याच्याकडे पैसे देईल असा एक माणूस नसतो. यात एक सोयही असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘शिकतोय’ असं उत्तर देता येतं, आणि शिकणाऱ्याला आपल्याकडे कुणी हटकत नाही. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन ‘नको’ ऐकण्यापेक्षा आणखी एक भाषा शिकणं केव्हाही सोपं.

टॅली आज आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या टेबलावर आहे, म्हणून तिच्या जन्माकडे जरा बघावं. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवायचा धंदा होता. आपल्या हिशेबाला पुरं पडेल असं सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरतला, ते लिहायला सांगितलं. बेंगळुरूत १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. म्हणजे कोड लिहिण्याआधी वही होती, वहीचा वैतागलेला मालक होता, आणि तो मालक रोज घरात जेवायला समोर बसत होता. आमच्याकडे असे वैतागलेले मालक भरपूर आहेत. भरत गोयंका होऊ पाहणारी मुलंही आहेत. ती मात्र त्या मालकांकडे न बघता सॅन फ्रान्सिस्कोतल्या कुणाच्या तरी व्हिडिओकडे बघत बसली आहेत.

समजा जॉबवर्कच्या चलनांचं एवढं एकच काम हातात घेतलं. पहिल्या संध्याकाळी वाटतं, यात काय आहे, दोन रकाने: गेले आणि आले. मग सुपरवायझरशेजारी बसलं की गुंता दिसायला लागतो. पाचशे नग गेले. चारशे साठ परत आले, पण त्यातले काही ब्लो-होलमुळे, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या पोकळीमुळे, रिजेक्ट, म्हणजे ते आले तरी कामाचे नाहीत. चाळीस मशीनवाल्याकडेच राहिले. पुढच्या आठवड्यात त्याने सत्तर पाठवले, त्यातले चाळीस आधीच्या चलनाचे आणि तीस नंतरच्या. चलनावर मात्र त्याने एकच आकडा टाकलाय, सत्तर. म्हणजे एका परतीत दोन जावक चलनांचा माल येऊ शकतो आणि एका जावकेचा माल तीन परतींत. हे मांडायला डेटाबेसमधली दोन टेबलं, म्हणजे तक्ते, पुरत नाहीत. मध्ये तिसरं लागतं: कुठल्या परतीतले किती नग कुठल्या जावकेत वळते केले ते सांगणारं. डेटाबेसच्या पुस्तकात हाच विषय ‘मेनी-टू-मेनी’ या नावाने येतो, विद्यार्थी आणि विषय असं कोरडं उदाहरण देतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. चाळीस नगांवरून मशीनवाल्याशी झालेलं भांडण कानांनी ऐकलेला पोरगा तो विसरत नाही.

तारखांचंही तसंच. वर्ष मोजायचं ते माल गेल्याच्या तारखेपासून, त्यामुळे परतीतले नग आधी कुठल्या चलनात वळते करायचे याला अर्थ येतो. जुनं आधी की मशीनवाला सांगेल ते? सीएला विचारायला जावं लागतं, आणि त्या निमित्ताने कायद्यातलं एक कलम वाचून होतं. एक्सेलमधून जुना हिशेब आत घेताना ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा घोळ एकदा तरी होतो. कास्टिंगची नोंद किलोत, मशीनिंगचा दर नगावर, आणि मशीनिंगमध्ये निघालेला चुरा कुणाचा हा निराळाच वाद. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ०.१ अधिक ०.२ किती विचारलं तर ते ०.३०००००००००००००००४ सांगतं. का सांगतं ते एकदा समजून घेतलं की पैशाचा हिशेब पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांतच ठेवायचा, ही सवय लागते. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तारखा, आकड्यांचे प्रकार, कुणाला काय दिसावं याची परवानगी, रोजचा बॅकअप: एवढं सगळं एका वहीतून निघतं. बायनरी ट्री हा माहितीच्या मांडणीचा पुस्तकी प्रकार उलटा करून दाखवणं मुलाखतीला लागतं, चलनाला लागत नाही. पुढे माल वाढला, कारखाने वाढले, प्रोग्रॅम रखडायला लागला की तेही शिकावं लागेल, आणि तेव्हा ते का शिकतोय हे सांगावं लागणार नाही.

याला पहिला आक्षेप असा की उद्योजकाने कोड लिहूच नये, विकावं आणि माणसं जोडावीत. लिहिणारा भागीदार शोधावा. एअरबीएनबीचं उदाहरण देतात. दोघे संस्थापक डिझायनर होते, प्रोग्रॅमिंग करणारा तिसरा आला. खरं आहे, पण तो तिसरा माणूस जिथे सहज भेटतो त्या शहरातली ती गोष्ट आहे. आमच्याकडे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून आहे, गोगटे इन्स्टिट्यूट तर १९७९ पासून. इंजिनिअर दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यातले बरे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला नाहीतर रात्रीच्या बसने पुण्याला जातात. तिथला पगार सोडून कुणी बेळगावातल्या कागदावरच्या कल्पनेत भागीदार व्हायला येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तो यायचाच असेल तर आधी चालणारं काहीतरी दिसावं लागतं, कितीही ओबडधोबड का असेना. ते कुणी करायचं? दुसरा मार्ग म्हणजे ॲप करून देणाऱ्या कंपनीला काम देणं. या वाटेने गेलेल्यांच्या कहाण्या सारख्याच असतात: आगाऊ रक्कम जाते, ॲप येतं, पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक दहा बदल सांगतं, प्रत्येक बदलाचं वेगळं बिल येतं, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागितला की समोरचा फोन उचलत नाही. स्वतःला चार ओळी वाचता येत असत्या तर करार करतानाच काय मागायचं ते कळलं असतं.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि जास्त वजनदार. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत संगणकतज्ज्ञ आंद्रे कार्पथींनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला. यंत्राला सांगायचं, यंत्राने लिहायचं, आपण कोडकडे बघायचंही नाही. मग शिकायचं कशाला? मी या यंत्रांच्या विरोधात नाही, उलट आमच्या भागाला त्यांचा फायदा इतरांपेक्षा जास्त आहे. खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला पायथॉनचे राखीव शब्द अडवत नाहीत, ते आहेतच ३५. तिला अडवतं ते चूक झाल्यावर पडद्यावर येणारं लांबलचक इंग्रजी. आता ती ते चिकटवून मराठीत विचारू शकते, आणि उत्तर मराठीत येतं. फी भरून बसलेल्या क्लासमध्ये हे तिला मिळत नव्हतं, कारण तिथे प्रश्न विचारायची लाज वाटायची.

पण त्याच यंत्राने लिहून दिलेला चलनांचा प्रोग्रॅम एकट्याने वापरला की सुरळीत चालतो, आणि दोन क्लार्कनी एकाच वेळी एकाच चलनावर परतीच्या मालाची नोंद केली की नग गायब करू शकतो. पहिल्याने लिहिलेला आकडा दुसरा पुसून टाकतो, दोघांच्याही पडद्यावर ‘नोंद झाली’ असंच येतं. हे टाळायचा उपाय जुना आहे, कुठल्याही डेटाबेसमध्ये आहे, आणि यंत्राला विचारलं तर तेही तो सांगतं. फक्त विचारायला सुचलं पाहिजे. करखात्याची नोटीस यंत्राला येत नाही, कारखानदाराला येते, आणि कारखानदार फोन करतो तो तुम्हाला. तेव्हा लिहिणं स्वस्त झालंय हे मान्य, पण लिहिलेलं वाचून ‘हे इथे चुकेल’ म्हणण्याची कुवत तुमची तुम्हालाच कमवावी लागते. उलट पूर्वी शिकणाऱ्याचा वेळ टंकण्यात जायचा, आता तो सगळाच वाचण्यात घालता येईल.

आता भाषेचा मुद्दा. आमच्याकडे कुठलाही विषय तिथे पोचतोच, आणि पोचायलाही हवा. उद्यमबागेतल्या एकाच शेडमध्ये मालक मराठी, सुपरवायझर कन्नड, भट्टीवरचा माणूस हिंदी बोलणारा आणि बिल इंग्रजीत, हे रोजचं चित्र. एकच नाव तीन लिप्यांत, तीन प्रकारे लिहिलेलं. बेंगळुरूत किंवा पुण्यात बसून सॉफ्टवेअर करणाऱ्याला ही अडचण वाटते आणि तो सगळं इंग्रजीत ठेवून मोकळा होतो. सीमाभागातल्या मुलाला मात्र यातलं काहीच नवीन नसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना १२८-१२८ जागा आहेत आणि अक्षरांचा क्रम जवळजवळ समांतर आहे. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. ‘ग’ला ८९६ मिळवा, कन्नड ‘ग’ येतो. ‘ळ’ला मिळवा, कन्नड ‘ळ’ येतो. नवशिक्यालाही पाच-दहा ओळींत मराठीतलं नाव कन्नडमध्ये दाखवता येतं. मग हे कुठे फसतं तेही दिसतं: कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे आहेत, आपल्याकडे तो भेद नाही, त्यामुळे सगळे ‘ए’ दीर्घच होतात, आणि ‘ॲ’ला ८९६ मिळवलं की भलतंच चिन्ह उमटतं. कुठल्या नावात काय चुकलंय हे कानाने ओळखायला दोन्ही भाषा बोलणारा माणूस लागतो, आणि असे आमच्याकडे घरटी एक मिळतात.

म्हणून माझ्या काही मित्रांना न रुचणारं एक म्हणणं मांडतो. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सरकारी कागद मराठीत मिळावेत ही मागणी माझीही आहे. पण बेळगावातल्या मराठी मुलाने काढलेल्या सॉफ्टवेअरचा पडदा कन्नडमध्ये नसेल तर तो उद्यमबागेच्या निम्म्या शेडमध्येही शिरणार नाही, गोकाक-हुबळी तर दूरच. शासनाकडे मराठी मागणं आणि गिऱ्हाइकाला कन्नड देणं यात मला विसंगती दिसत नाही. शाळेत नाइलाजाने शिकलेलं कन्नड इथे कामाला येतं. तंत्रज्ञानाचे उद्योग बेंगळुरूबाहेर नेण्यासाठीच्या कर्नाटक सरकारच्या ‘बियॉन्ड बेंगळुरू’ योजनेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा एकच पट्टा धरलाय, आणि कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजचे कारखाने दुसऱ्या अंगाला आहेत. दोन्हीकडे त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू शकेल असा विक्रेता तिसरीकडून आणावा लागणार नाही.

पैशाचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ‘वर्षभर घरी बसून शीक’ हा सल्ला ज्याच्या वडिलांची दोन दुकानं भाड्याने दिलेली आहेत त्याला परवडतो. वडगाव-खासबागेत ज्याच्या घरात माग चालतो किंवा निपाणीत ज्याची आई विड्या वळते, त्याला नाही परवडत. त्याने नोकरी सोडू नये. संध्याकाळी शिकावं, रविवारी कारखान्यात बसावं, आणि पहिली ओबडधोबड गोष्ट चालायला लागली की त्याच महिन्यापासून पैसे घ्यावेत. इथे कायदा त्याच्या बाजूने आहे. नुसती सेवा विकणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. कास्टिंगला जी सवलत नाही ती सॉफ्टवेअरला आहे, आणि हे आमच्या बहुतेक मुलांना ठाऊकच नसतं.

पैसे घेण्यावर मी अडून बसतो, कारण आमचे कारखानदार सीएला, टॅलीच्या नूतनीकरणाला, कॅमेरे बसवणाऱ्याला बिनबोभाट पैसे देतात, आणि ओळखीच्या पोराला म्हणतात, ‘अरे, आपल्याच घरचा तू, वापरून बघतो की.’ मग तो कधी वापरत नाही. फुकट घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या चुका कुणी कळवत नाही, ते नुसतं बंद पडतं. पैसे मोजलेला माणूस सकाळी सातला फोन करून ओरडतो, आणि नवख्या प्रोग्रॅमरला ओरडणारं गिऱ्हाईकच हवं असतं. उद्योजक मेळाव्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हमखास निघतं. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, स्वतः शिकत शिकत कारखाना उभा केला. भाषण तिथेच थांबतं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात, हे व्यासपीठावरून कमी ऐकू येतं. त्या नांगराचं पहिलं गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला. आज टाळ्या वाजवणाऱ्या मालकांनी निदान तेवढं पहिलं गिऱ्हाईक व्हावं: महिन्याला थोडे पैसे, आणि आठवड्यातून दोन तास सुपरवायझरचे. दुसरी अट पहिलीपेक्षा जड जाईल याची मला कल्पना आहे.

आणि संस्थांचं काय? मराठी समाजाच्या संस्थांना बेळगावात तोटा नाही. दीडशे वर्षांहून जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, पतसंस्था आहेत, गल्लोगल्ली मंडळं आहेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणगौरव समारंभ होतात: शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचं भाषण. ज्या मुलांना शाल मिळते त्यातली बहुतेक पाच वर्षांत गावाबाहेर असतात. माझी मागणी अगदी छोटी आहे. एखाद्या वाचनालयाने संध्याकाळी सात ते दहा एक खोली उघडी ठेवावी, चार टेबलं, चांगलं इंटरनेट आणि दोन जुने संगणक. शिक्षक नको, अभ्यासक्रम नको, प्रमाणपत्र तर मुळीच नको. एखाद्या पतसंस्थेने खातेदारांची नावं आणि क्रमांक काढून टाकून जुन्या कर्जवसुलीच्या वह्या सरावाला द्याव्यात. २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, त्यामुळे नावं काढण्याचं काम आधी नीट करून घ्यावं. एखाद्या कारखानदाराने चलनं द्यावीत, एखाद्या अडत्याने शेतमालाच्या हिशेबाच्या पट्ट्या. खोलीत येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी एवढंच विचारावं, की कुणाची वही आणलीस? हे सगळं एका गुणगौरव समारंभाच्या मांडव-जेवणाच्या खर्चात वर्षभर चालेल असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा वाटत असेल तर पदाधिकाऱ्यांनी गेल्या वर्षीच्या समारंभाचा हिशेब सभासदांपुढे ठेवावा.